सरोवरातला डावा बूट

प्रवासाला निघण्यापूर्वी माणसानं तीन गोष्टी तपासाव्यात. दाराचं कुलूप, गॅसचं बटण आणि आजवर मारलेल्या थापा. पहिल्या दोन गोष्टी आमच्याकडे बायको तपासते. तिसरी माझ्याकडे होती. मी ती तपासली नाही.

बेत तसा चिमूटभर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस उत्तरेकडे जायचं, डोंगर बघायचे, ते प्रसिद्ध सरोवर बघायचं आणि नाक न सोलवता परत यायचं. माणसं तीन. मी, बायको आणि नऊ वर्षांची नात. नातीला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती घरात कधी रिकाम्या हातानं चालत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाताना काहीतरी उचलून नेतेच, मग ती वस्तू आठवडाभर कुणाला सापडत नाही. शुक्रवारी सकाळची गाडी ठरली. सरोवर राखीव क्षेत्रात येतं, त्यामुळे आत जायला परवाना लागतो, आणि तो आपल्याच शहरातल्या कचेरीतून निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत हातात पडावा लागतो. सोमवारी मी अर्ज आणला. सोमवार ते गुरुवार, म्हणजे चार दिवस. चार दिवसांत मी पूर्वी सहावीच्या वर्गाला अख्खा खंड शिकवत असे.

हो, मी भूगोलाचा मास्तर. चौतीस वर्षं शिकवला. आणि आता ती थाप सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, मी उत्तरेकडची सरोवरं शिकवत होतो. वर्ग पेंगत होता. ज्यानं त्या तासाला कधी शिकवलं नाही त्याला कळायचं नाही, पण चाळीस मुलं एकदम जांभई देतात तेव्हा खडूसुद्धा जड होतो. सरोवराचं पाणी नितळ असतं, एवढं मी तीनदा सांगून झालं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, तुम्ही पाहिलंय?"

आता "नाही" हा शब्द मला येत होता. पण तोंडातून निघालं ते असं, "पाहिलंय म्हणजे? माझा डावा बूट अजून तिथे आहे!"

वर्ग टक्क जागा झाला. मग काय, मी वीस वर्षांचा असताना तिथे गेलो, पाण्यात वाकून बघताना बूट पडला, तीस फूट खाली गेला, आणि पाणी इतकं नितळ की वरून नाडीची गाठ दिसत होती. पाण्याची नितळता हा धडा त्या दिवशी जो मुलांच्या डोक्यात बसला तो कायमचा. त्यानंतर दरवर्षी त्या धड्याला तो बूट निघायचा. बुटाला पुढे तपकिरी रंग आला. दहाव्या वर्षी त्यात एक मासा राहायला आला. बत्तीस तुकड्या त्या बुटावर परीक्षा पास झाल्या.

आणि मुंगी तर त्या बुटावरच वाढली. इतर मुलांना झोपताना गोष्ट लागते, हिला बूट लागायचा. ही सहलसुद्धा तिच्यासाठीच होती. "आजोबा, मला बूट दाखवा," असं तिनं वर्षभर लावून धरलं होतं.

मी उत्तरेला कधीच गेलेलो नाही, हे जगात फक्त बायकोला माहीत होतं.

"अहो, पोरीला सांगा आता," सोमवारी बॅग काढता काढता ती म्हणाली.

"गाडीत सांगतो. गाडीत वेळ असतो."

"लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाला होतात, मी उत्तर पाहिली नाही, आपण दोघं मिळून बघू. छत्तीस वर्षं मी वाट बघतेय, आणि तुमचा बूट माझ्या आधी पोचलासुद्धा."

मी बॅगेची चेन तेल लावून सरकते का ते बघत बसलो.

इतक्यात बायकोनं गॅलरीतून विचारलं, "कपडे वाळत घालायची दोरी कुठे गेली?" दोरी मुंगीच्या दप्तरात सापडली. तिच्या टोकाला तिनं पडद्याचा आकडा वाकवून बांधला होता. दोरीवर फूट-फूट अंतरावर शाईच्या खुणा होत्या. तीस खुणा, आणि वर दोन जादा.

"पाण्याची पातळी वाढली असेल तर," मुंगीनं खुलासा केला.

पुढे खड्डा आहे हे मला स्पष्ट दिसलं. पण खड्डा आहे म्हणून रस्ता सोडणाऱ्यांतला मी नव्हतो.

खालच्या मजल्यावर घड्याळकाका राहतात. गिरणीत टाइमकीपर होते, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही माणसाकडे बघताना ते आधी मनगटाकडे बघतात. आम्ही उत्तरेला चाललो हे कळताच ते वही घेऊन वर आले. ते त्या सरोवरावर दोनदा जाऊन आले होते, ही माझ्या दृष्टीनं फार वाईट गोष्ट होती.

"सहा चाळीसला स्टेशनात उतरायचं, सात दहाची बस. सात अकराला गेलात तर बस नाही," ते म्हणाले. "टोपी कानावर, मोजे दोन-दोन. आणि सर, तुमच्या वेळी खाली उतरायला पायऱ्या होत्या की शिडी?"

"होतं काहीतरी," मी म्हणालो.

"काहीतरी कसं? पायऱ्या असल्या तर पूर्वेकडून गेलात, शिडी असली तर पश्चिमेकडून. बूट नक्की कोणत्या बाजूला पडला?"

"डाव्या पायाच्या," मुंगीनं सांगितलं.

काका हसले, पण मनगट बघत हसले. जाताना दारात थांबून म्हणाले, "आठवा, आठवा. मी उद्या विचारतो." त्या दिवसापासून मी जिना उतरताना चपला हातात घेऊ लागलो. बासष्टाव्या वर्षी, चौतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर, मी स्वतःच्याच इमारतीत चोरासारखा अनवाणी ये-जा करत होतो.

अर्ज मुंगीनं भरला. तिचं अक्षर सुरेख आहे, आणि मूल खऱ्या कामावर जितकं शिकतं तितकं खोट्या गृहपाठावर शिकत नाही, असं माझं मत आहे. जेवणाच्या टेबलावर तिनं तासभर मान खाली घालून लिहिलं. मी पाठीमागे उभा राहून बघितलं. ओळी सरळ, समास सोडलेला, कुठे खाडाखोड नाही. माझा ऊर भरून आला. खिशातलं लाल पेन आपोआप हातात आलं, खाली मोठी बरोबरची खूण झाली, "छान" असं लिहिलं गेलं आणि त्याखाली माझी सही.

काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. उत्तरपत्रिका देण्यापूर्वी एकदा वाचून बघा, हे वाक्य मी आयुष्यात किमान दहा हजार वेळा बोललो असेन.

मंगळवारी मी आणि मुंगी कचेरीत गेलो. लांबट खोली, छताला हळू फिरणारा पंखा, भिंतीला टेकवलेले फायलींचे गठ्ठे, आणि सहा खिडक्यांपैकी उघडी एक, क्रमांक तीन. खिडकीतल्या बाईंचा चष्मा साखळीला होता. त्यांनी अर्ज घेतला, उलटा करून बघितला, सुलटा केला आणि तळाशी थांबल्या.

"हे 'छान' कोणी लिहिलंय?"

"मी."

"अर्जदार कोण?"

"मीच."

"म्हणजे तुम्ही स्वतःच्या अर्जाला स्वतःच शेरा दिलात?"

रांगेत मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी म्हणालो, "बाई, अक्षरासाठी दिला."

"लाल शाईनं शेरा द्यायचा अधिकार फक्त साहेबांना आहे. आमच्याकडे लाल शेरा दिसला की फाइल मंजूर झालेली धरतात. तुम्ही स्वतःच मंजूर होऊन आलात, मग माझ्याकडे कशाला?"

अखेर मला लिहून द्यावं लागलं, की सदर 'छान' हे अर्जदाराने सवयीने लिहिले असून ते शासनावर बंधनकारक नाही. त्यावर शिक्का बसला. बाई म्हणाल्या, उद्या या.

बुधवारी गेलो तेव्हा बाईंनी चष्मा आधीच नाकावर चढवून ठेवला होता. तो मला शुभशकुन वाटला नाही.

"रकाना अकरा," त्या म्हणाल्या. "यापूर्वी या क्षेत्रास भेट दिली आहे काय? असल्यास थोडक्यात तपशील." आणि शाळेत मी कुणाला धडा वाचायला उभं करत असे तसं, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. "होय. माझे आजोबा वीस वर्षांचे असताना येथे आले होते. वाकून बघताना त्यांचा डावा बूट सरोवरात पडला. बूट तपकिरी आहे. तो तीस फूट खोल आहे, पण पाणी नितळ असल्यामुळे नाडीची गाठ दिसते. त्यात आता एक मासा राहतो. आम्ही बूट काढायला येत आहोत. सोबत दोरी आहे."

रांगेतले सगळे पुढे सरकले. पंखासुद्धा ऐकत असावा.

"ही तुमची सही?"

"हो."

"मग ऐका. एक, जुन्या भेटीच्या परवान्याची प्रत लागेल. दोन, राखीव पाण्यात वस्तू टाकणं हा नियमभंग आहे. तीन, राखीव पाण्यातून वस्तू बाहेर काढणं हाही नियमभंग आहे."

"म्हणजे बूट टाकायचाही नाही आणि काढायचाही नाही?"

"मुळात घालून जायचा आणि घालून यायचा," बाई म्हणाल्या. "इतकं साधं आहे."

रांगेतल्या एका गृहस्थानं मला आपुलकीनं सल्ला दिला, की बूट माशाच्या नावावर करून टाका. लोक हसले. माझे कान तापले. बत्तीस तुकड्यांनी ज्या बुटावर माझा आदर केला त्याच बुटाचा हा तमाशा.

बाईंना दया आली असावी. त्यांनी आवाज उतरवला. "हे बघा, उद्या बारापर्यंत वेळ आहे. एक सोपा मार्ग सांगते. अर्ज मुलीनं भरलाय ना? मग लिहून द्या, की अज्ञान मुलीनं चुकून, कल्पनेनं, खोटी माहिती भरली, ती रद्द समजावी. दोन ओळी. विषय संपला. लहान मुलांचं कोण मनावर घेतं?"

मार्ग खरोखर सोपा होता. मी कागद मागण्यासाठी हातसुद्धा पुढे केला.

"मी चुकले नाही," मुंगी म्हणाली.

ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलावं म्हणून बघत होती. मूल उत्तरासाठी आपल्याकडे कसं बघतं ते मला चौतीस वर्षांच्या सरावानं ओळखता येतं. मी म्हणालो, "बघू उद्या."

घरी येईपर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. जिन्यात मी चपला हातात घेतल्या तर तिनंही घेतल्या. तरी घड्याळकाकांचं दार उघडलंच.

"काय सर, आठवलं का? पायऱ्या की शिडी?"

"काका, मला आता पायसुद्धा आठवत नाहीत," मी म्हणालो आणि वर गेलो.

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला खिडकीतल्या बाईंचा मार्ग सांगितला. ती म्हणाली, "बरं." नुसतं "बरं." विवाहित वाचकांना मी या शब्दाचा अर्थ समजावत नाही.

"अगं, कागदावरच तर लिहायचंय. पोरीला काय कळतंय त्यातलं?"

"बरं."

"नाहीतर सहल बुडेल. आरक्षण झालंय, बॅगा भरल्यात."

तिनं शेवटचा टॉवेल घडी केला आणि बॅगेत ठेवण्याऐवजी परत कपाटात ठेवला. मग म्हणाली, "छत्तीस वर्षं थांबलेली बाई आणखी थांबेल. पण त्या पोरीला खोटी ठरवून मला डोंगर दाखवू नका."

तेवढ्यात मुंगी आली. हातात तिची वही, आणि वहीवर माझं लाल पेन. तिनं रकाना अकरामधला मजकूर वहीत पुन्हा लिहून काढला होता. एक ओळ सोडून एक, दुरुस्तीला जागा ठेवून.

"आजोबा, यात नक्की कुठे चुकलंय ते दाखवा. मी तीनदा वाचलं. तुम्ही सांगितलं होतं तस्संच आहे. फक्त दोरीचं मी घातलं, पण दोरी खरी आहे."

मी पेनाचं टोपण काढलं. वाक्य पहिलं, माझे आजोबा वीस वर्षांचे असताना येथे आले होते. पेन कागदापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. हजारो वह्या तपासल्या, पण ज्या वहीत सगळ्या चुका तपासनिसाच्या आहेत अशी वही पहिल्यांदाच पुढ्यात आली होती. इथे "गाडीत सांगतो" चालणार नव्हतं. तरीही मी काय केलं? मी म्हणालो, "उद्या तपासून देतो," आणि वही उशीखाली ठेवली. माणूस किती वर्षं शिकवतो यावर त्याची हिंमत ठरत नाही, एवढंच या प्रसंगातून शिकावं.

गुरुवारी साडेअकराला आम्ही तिघं कचेरीत. बायको म्हणाली, मीही येते. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाईंनी माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. वर घड्याळ होतं, आणि त्याचा मिनिटकाटा घड्याळकाकांनी शिकवून ठेवल्यासारखा नेमका चालत होता.

"लिहा," बाई म्हणाल्या, "अज्ञान मुलीने..."

मी लिहिलं, "अज्ञान." आणि थांबलो. शेजारी मुंगी टाचा उंचावून कागद वाचत होती. तिला वाचायला मीच शिकवलं होतं. तोही एक गाफीलपणाच.

मी तो शब्द खोडला. बाईंनी कपाळाला आठी घातली. मी मुंगीला म्हणालो, "वही दे तुझी." सकाळीच तिनं ती माझ्या उशीखालून उचलून दप्तरात घातली होती. तिच्यासमोरच, कचेरीच्या कठड्यावर वही ठेवून, मी लाल पेन उघडलं आणि पहिल्या वाक्यापासून माशापर्यंत सगळ्याखाली रेघ ओढली. समासात लिहिलं, "चूक सांगणाऱ्याची. लिहिणारीची नाही."

मुंगीनं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे तुम्ही गेलाच नव्हतात?"

"नाही."

"बूट?"

"नाही."

"मासा?"

एवढा अवघड प्रश्न मला कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्यानं विचारला नव्हता. "मासाही नाही, बेटा," मी म्हणालो.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं वही मिटली, दप्तरात घातली, आणि आजीचा हात धरला. माझा नाही. पावणेबारा वाजले होते.

मी उरलेला कागद पूर्ण केला. मी या क्षेत्रास कधीही भेट दिलेली नाही, सदर बूट अस्तित्वात नाही, नातीने मी सांगितले तेच प्रामाणिकपणे लिहिले आहे. बाईंनी तो दोनदा वाचला. "अहो, हे काय केलंत! मुलीची चूक असती तर माझ्या पातळीवर मिटलं असतं. आता हे अर्जदारानं दिलेल्या खोट्या माहितीत जातं. साहेबांकडे चला."

साहेबांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. साहेब पंचेचाळिशी ओलांडलेले, केस पुढून गेलेले. त्यांनी अर्ज वाचायला घेतला आणि रकाना अकरापाशी त्यांचा हात थबकला. त्यांनी हळूहळू मान वर केली. मग ते उभे राहिले.

"सर!"

मी ओळखलं नाही. मास्तरला तोंडं आठवतात, पण ती बारा वर्षांची.

"मागचा बाक, सर. खिडकीजवळचा. 'तुम्ही पाहिलंय?' असं मीच विचारलं होतं."

बायकोनं माझ्यामागे खुर्ची सरकवली.

"या खात्यात आलो तो त्या बुटापायी," साहेब सांगू लागले. "पहिली नेमणूक मागून घेतली ती सरोवरावरच. पहिल्याच सकाळी धावत काठावर गेलो आणि वाकून बघितलं. सर, पाणी हिरवंगार आहे. हातभर खालचं दिसत नाही."

"अरे देवा," मी म्हणालो. पुस्तकात तर नितळ लिहिलं होतं. म्हणजे बूट खोटा तो खोटाच, पण ज्या पाण्यासाठी बूट पाडला ते पाणीही खोटं!

"मग तुम्हाला तेव्हाच कळलं?" मुंगीनं विचारलं.

"कळलं."

"राग आला?"

साहेबांनी विचार केला. "आला. दोन दिवस राहिला. मग वाटलं, बुटासाठी आलो नसतो तर ते हिरवं पाणी तरी कुठे बघितलं असतं?" मग माझ्याकडे वळून ते हलकेच म्हणाले, "सर, हा खुलाशाचा कागद माझ्यापर्यंत आलाच नाही असं समजू. बारा वाजायला सहा मिनिटं आहेत. मी तिन्ही परवाने देतो."

हा आठवड्यातला दुसरा सोपा मार्ग. मी मुंगीकडे बघितलं. ती नकाशाकडे बघत होती, पण तिचे कान माझ्याकडे होते.

"कागद आलाय," मी म्हणालो. म्हणालो आणि त्याच क्षणी पस्तावलो, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. आत कुठेतरी आशा होती, की माझा हा बाणेदारपणा बघून साहेब गहिवरतील आणि तरीही परवाना देतील. मी त्यांना फारच चांगलं शिकवलं होतं. ते गहिवरले, आणि त्यांनी नियम काढून वाचला. खोटी माहिती देणाऱ्या अर्जदारास चालू हंगामात प्रवेश नाही. इतर व्यक्तींना हरकत नाही.

त्यांनी लाल शाईनं माझं नाव खोडलं आणि उरलेल्या दोन नावांसमोर सही केली. माझा कागद फायलीला लावताना खाली बघून म्हणाले, "सर, समास सोडला नाहीत."

अकरा अठ्ठावन्नला शिक्का बसला.

आमच्या जिन्यात घड्याळकाका उभेच होते. मी चपला पायात ठेवून चढत होतो. "काका," मी म्हणालो, "पायऱ्याही नव्हत्या आणि शिडीही नव्हती. मीच नव्हतो." त्यांनी मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "अडीच दिवस लागले. मला वाटलं होतं, दोन लागतील."

शुक्रवारी निघालो. तिघंही. गाडीत सांगायला आता काही उरलं नव्हतं, त्यामुळे प्रवास लांबला. मुंगी खिडकीपाशी बसून वहीत बोगदे मोजत होती आणि आकडा आजीला सांगत होती. सहा चाळीसला उतरलो, सात दहाची बस मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सरोवराच्या फाटकापाशी पोचलो. पहारेकऱ्यानं दोन परवाने बघितले, तिसऱ्या माणसाकडे बघितलं आणि फाटकाबाहेरचा एक लाकडी बाक दाखवला.

बायकोनं शाल सारखी केली. "बूट आधी गेला. आता मी जाते. तुमचा नंबर शेवटी," ती म्हणाली. पण जाताना पाण्याची बाटली माझ्याकडे ठेवून गेली, आणि वळणावर एकदा थांबून मागे बघितलं.

बाकावरून सरोवर दिसत नव्हतं. एक टेकडी दिसत होती आणि तिच्यावर काळसर हिरवी, सुईच्या पानांची झाडं. वारा आला की त्यांचा समुद्रासारखा आवाज येत होता. पुस्तकात त्याबद्दल काहीही नव्हतं. चौतीस वर्षं हा आवाज शिकवायचा राहून गेला. मी तिथे एक तास चाळीस मिनिटं बसलो, आणि त्यातला बराच वेळ स्वतःच्या डाव्या बुटाकडे बघत घालवला.

दोघी परत आल्या तेव्हा बायकोचे गाल वाऱ्यानं लाल झाले होते. "कसं होतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी सांगेन. इथेच उभी राहून." मुंगीच्या दप्तरातून दोरी डोकावत होती. कोरडीच होती.

"टाकली नाहीस?"

"नियमात बसत नाही," मुंगी म्हणाली.

बाहेर पडताना पहारेकऱ्यानं नोंदवही पुढे केली. नाव, वेळ आणि शेवटचा रकाना, अनुभव थोडक्यात. मुंगीनं पेन घेतलं. मी उठून तिच्या पाठीमागे उभा राहिलो, आणि यावेळी शब्द न् शब्द वाचला.

"सरोवर पाहिले. पाणी हिरवे आहे. तळ दिसत नाही. मासे आहेत, बूट नाही. माझे आजोबा बाहेरच्या बाकावर आहेत. त्यांना पुढच्या वर्षी आत सोडावे."

लिहून झाल्यावर तिनं पेन पहारेकऱ्याला दिलं नाही. दप्तरातून माझं लाल पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

शेवटचं वाक्य विषयाला सोडून आहे. एक गुण कापायला हवा होता. पण वही सरकारी होती आणि लाल शेरा द्यायचा अधिकार मला नव्हता, म्हणून मी पेन खिशात ठेवलं आणि तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.